पर्सी ज्युलियन : रंगामुळे नाकारलेला माणूस आणि त्वचेचे स्वस्त झालेले औषध

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांमध्ये निळे झेंडे लागतात. ११ तारखेला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १४ तारखेला बाबासाहेबांची. याच ११ एप्रिलला, १८९९ साली, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव पर्सी लॅव्हन ज्युलियन. जोतीरावांनी १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, त्यांनी कायद्याने गुलामी संपवली होती. पण गुलामी संपली म्हणजे गुलामांची नातवंडे माणसांत धरली गेली असे झाले नाही. ज्युलियन यांचे आयुष्य त्या दोन गोष्टींमधल्या अंतरात गेले.

त्यांच्याबद्दल आत्ता लिहायला एक कारण घडले. मी आरोग्य आणि शिक्षण या विषयांवर वस्त्यांमध्ये काम करतो. मागच्या वर्षी एका वस्तीत एकाच गल्लीतली दोन घरे पाहिली. पहिल्या घरात लग्न ठरलेली मुलगी होती. सावळा रंग उजळावा म्हणून तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, एक ट्यूब आणली आणि चार महिने रोज चेहऱ्याला चोळली. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटला. नंतर गाल लाल झाले, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, पुरळ आले, हनुवटीवर लव वाढली. मलम बंद केले की आग व्हायची, म्हणून ती पुन्हा लावायची. दुसऱ्या घरात वर्षाचे बाळ होते. त्याला इसब झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइडचे मलम दिले होते. शेजारणीने सांगितले की स्टिरॉइड म्हणजे विष, लेकराला लावू नको. आईने ट्यूब कचऱ्यात टाकली. बाळ रात्रभर खाजवून रक्त काढत होते.

एका घरात नको तिथे औषध लागले, दुसऱ्या घरात हवे तिथे लागले नाही. दोन्ही ट्यूबांवर काय लिहिले आहे हे कुणी वाचले नव्हते आणि कुणी समजावूनही सांगितले नव्हते. या औषधांचा इतिहास शोधताना मी ज्युलियन यांच्यापर्यंत पोहोचलो. त्यांच्या कातड्याचा रंग त्यांना आयुष्यभर नडला. आणि आज जगभर सुजलेल्या, खाजणाऱ्या त्वचेवर लावले जाणारे औषध सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असे होण्यात त्यांचा वाटा आहे.

तीन बोटांचा हात

पर्सींचे आजोबा गुलाम म्हणून जन्मले होते. गुलामाने लिहायला वाचायला शिकणे त्या काळी दक्षिणेत गुन्हा होता. आजोबा चोरून लिहायला शिकले आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांच्या हाताची दोन बोटे छाटली गेली. आपल्याकडे ज्ञान ऐकणाऱ्याच्या कानात शिसे ओतायला सांगणारी शास्त्रे होती. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचे कारण नाही.

वडील जेम्स रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून होते, आई एलिझाबेथ शिक्षिका होती. दोघांनी आपल्या सहाही मुलांना महाविद्यालयापर्यंत पोहोचवायचे ठरवले होते. पण माँटगोमेरीत कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीच्या पुढे सरकारी माध्यमिक शाळाच नव्हती. लहानपणी जंगलातून चालत जाताना पर्सीने झाडाला लटकवलेले एका कृष्णवर्णीय माणसाचे प्रेत पाहिले होते. जमावाने त्याला फाशी दिली होती. पोराला आपली जागा कुठे आहे हे शिकवायला तेवढे पुरेसे होते. घरातले मात्र त्याला दुसरेच शिकवत होते.

१९१६ साली पर्सी इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल या छोट्या गावी, डीपॉ विद्यापीठात शिकायला निघाला. स्टेशनवर निरोप द्यायला घरची मंडळी आली होती. आजोबांनी तीन बोटे उरलेला हात हलवून निरोप दिला. ज्युलियन यांनी ही आठवण मोठेपणी पुन्हा पुन्हा सांगितली.

डीपॉमध्ये वसतिगृहात त्याला जागा नव्हती. बाहेर एक खोली मिळाली, पण तिथे जेवण द्यायला नकार मिळाला. जेवायला बसू देईल अशी जागा शोधण्यात त्याचे काही दिवस गेले. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात राहायला जागा शोधत फिरत होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. शेवटी पर्सीला गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका क्लबमध्ये वाढप्याचे आणि भट्टी पेटवण्याचे काम मिळाले. मोबदल्यात पोटमाळ्यावर झोपायची सोय आणि जेवण. शाळा अर्धवट झालेली, म्हणून विद्यापीठाचे वर्ग करून उरलेल्या वेळात तो माध्यमिक शाळेचे विषयही भरून काढत होता. १९२० साली तो वर्गात पहिला येऊन पदवीधर झाला. वडिलांनी पुढे सारे कुटुंबच ग्रीनकॅसलला हलवले, म्हणजे धाकट्या भावंडांनाही तिथे शिकता येईल.

डिग्री आहे, पण वर्ग नाही

पहिला आला तरी पीएच.डी.साठी कुठली शिष्यवृत्ती मिळाली नाही. काळ्या माणसाला डॉक्टरेट देऊन नोकरी कोण देणार, असा विचार प्राध्यापक करत. ज्युलियन यांनी फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात दोन वर्षे शिकवले. मग हार्वर्डची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९२३ मध्ये तिथली मास्टर्स पदवी मिळाली. पण पुढे डॉक्टरेटसाठी तिथे टिकायचे तर शिकवण्याची नेमणूक लागते, आणि काळा माणूस गोऱ्या मुलांना शिकवतो हे चालणार नव्हते. नेमणूक मिळाली नाही, डॉक्टरेट राहिली.

ती त्यांना अमेरिकेत नव्हे, युरोपात मिळाली. १९२९ मध्ये ते शिष्यवृत्तीवर व्हिएन्ना विद्यापीठात गेले आणि वनस्पतींतील अल्कलॉइड द्रव्यांचे मोठे अभ्यासक एर्न्स्ट श्पेथ यांच्या हाताखाली १९३१ मध्ये पीएच.डी. झाले. तिथे ते नाटक सिनेमाला जात, मित्रांच्या घरी जेवत, कुठल्या दारातून आत जायचे याचा विचार करावा लागत नसे. आपल्यातले जे विद्यार्थी आज परदेशी शिष्यवृत्तीवर शिकायला जातात, त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

परतल्यावर ते हॉवर्ड विद्यापीठात रुजू झाले. तिथे विद्यापीठाच्या अंतर्गत राजकारणात ते अडकले, त्यांची खासगी पत्रे वर्तमानपत्रात छापली गेली, वैयक्तिक आयुष्यावरूनही गदारोळ झाला आणि १९३२ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. महापुरुषांच्या चरित्रातून अशी पाने फाडून टाकायची आपल्याला सवय आहे. मला ती फाडावीशी वाटत नाहीत. माणूस चुकतो, पडतो, आणि उभा राहून कामाला लागतो, हे तरुणांना कळायला हवे.

१९३५ मध्ये त्यांनी अ‍ॅना जॉन्सन यांच्याशी लग्न केले. अ‍ॅना यांनी १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून समाजशास्त्रात डॉक्टरेट घेतली. मी स्वतः समाजशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे ही नोंद मला विशेष जवळची वाटते. त्या काळात एका कृष्णवर्णीय बाईने समाजशास्त्रात पीएच.डी. करणे हा केवढा पल्ला होता, ते वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एका शेंगेपासून सोयाबीनपर्यंत

डीपॉच्या जुन्या शिक्षकांनी ज्युलियन यांना संशोधक म्हणून परत बोलावून घेतले. तिथे व्हिएन्नाचे सहकारी योसेफ पिक्ल यांच्यासोबत त्यांनी फायसोस्टिग्माइन हे द्रव्य प्रयोगशाळेत बनवायचे काम हाती घेतले. हे द्रव्य पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार शेंगेत असते आणि काचबिंदूमध्ये डोळ्यातला दाब कमी करायला ते वापरले जाई. याच विषयावर ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन काम करत होते. रॉबिन्सन म्हणजे त्या काळातले रसायनशास्त्रातले सर्वात मोठे नाव. ज्युलियन यांचे निष्कर्ष त्यांच्याशी जुळेनात. एका छोट्या गावातल्या कॉलेजातल्या कृष्णवर्णीय संशोधकाने रॉबिन्सन चुकले असे छापून टाकायचे म्हणजे सगळे पणाला लावायचे. ज्युलियन यांनी छापले. १९३५ मध्ये त्यांनी आपण बनवलेले द्रव्य आणि निसर्गातले द्रव्य एकच असल्याचे सिद्ध केले. ते बरोबर होते.

तरीही डीपॉने त्यांना कायम प्राध्यापक केले नाही. रंग आडवा आला. एका मोठ्या रसायन कंपनीने पिक्ल यांना नोकरी दिली, ज्युलियन यांना नाही. विस्कॉन्सिनमधल्या अ‍ॅपलटन गावी कागद संशोधन संस्थेत घेण्याचा विचार झाला, पण त्या गावात काळ्या माणसाला रात्री मुक्कामाला बंदी होती.

कॅलाबार शेंगेच्या कामातून मात्र एक धागा हाती आला होता. त्या शेंगेचे तेल ठेवून दिले असता त्यात पांढरे स्फटिक तयार झाले. ते स्टिग्मास्टेरॉल होते. हे वनस्पतीत असणारे द्रव्य. त्याच्या रेणूचा सांगाडा चार कड्यांचा असतो आणि माणसाच्या शरीरातली अनेक संप्रेरके याच सांगाड्यावर उभी असतात. सोयाबीनच्या तेलातही स्टिग्मास्टेरॉल असते. ते काढायला थोडे तेल हवे म्हणून ज्युलियन यांनी शिकागोच्या ग्लिडन कंपनीशी संपर्क साधला आणि त्यातून १९३६ मध्ये त्यांना तिथे सोया विभागाच्या संशोधनप्रमुखाची नोकरीच मिळाली. एवढ्या मोठ्या अमेरिकन कंपनीत संशोधनाची सूत्रे कृष्णवर्णीय माणसाच्या हाती जाणे ही त्या काळात दुर्मीळ घटना होती.

ग्लिडनमध्ये त्यांनी सोयाबीनचे प्रथिन वेगळे केले. त्यापासून बनवलेला आग विझवणारा फेस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने वापरला. पण खरी कलाटणी एका अपघाताने मिळाली. १९४० च्या सुमारास सोयाबीन तेलाच्या एक लाख गॅलनच्या टाकीत पाणी झिरपले आणि तळाशी पांढरा गाळ साचला. दुसऱ्या कुणी टाकी खराब झाली म्हणून तेल ओतून दिले असते. ज्युलियन यांना कॅलाबार तेलातले स्फटिक आठवले. गाळात स्टिग्मास्टेरॉल होते, म्हणजे मोठ्या प्रमाणावर ते काढायची वाट सापडली होती.

त्यापासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवायला सुरुवात केली. गर्भपात टाळण्यासाठी ते वापरले जाई आणि तोपर्यंत जनावरांच्या अवयवांतून थेंबाथेंबाने काढले जाई. त्यांनी बनवलेले पहिले एक पौंड प्रोजेस्टेरॉन इतके किमती होते की ते सशस्त्र पहाऱ्यात पाठवावे लागले.

एक ऑक्सिजनचा अणू

१९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि एडवर्ड केंडल यांच्या गटाने सांधेदुखीने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले. रुग्ण काही दिवसांत उठून चालू लागले. १९५० चे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश रायकस्टाइन यांना मिळाले. पण कॉर्टिसोन बनवायला गुरांच्या पित्तापासून सुरुवात करून तीसहून जास्त रासायनिक पायऱ्या चढाव्या लागत. औषध सापडले होते, पण ते गरिबासाठी नव्हते.

ज्युलियन यांनी रेणूचा नकाशा पाहिला. रायकस्टाइन यांच्या नावाने ओळखला जाणारा एस नावाचा पदार्थ कॉर्टिसोनसारखाच होता. फरक फक्त एका जागी नसलेल्या एका ऑक्सिजन अणूचा. १९४९ मध्ये ज्युलियन यांनी हा पदार्थ एस वनस्पतीजन्य कच्च्या मालापासून बनवण्याची सुधारलेली रीत जाहीर केली. मग १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतल्या संशोधकांना भाकरीवर येते तसल्या जातीची एक बुरशी सापडली. ती नेमक्या हव्या त्या जागी ऑक्सिजन बसवून देत होती. जे काम रसायनाला जमत नव्हते ते बुरशीने केले. मेक्सिकोतल्या रानकंदापासून संप्रेरके बनवणाऱ्यांचाही यात मोठा हात आहे. या सगळ्या वाटा एकत्र आल्या आणि कॉर्टिसोन व त्याचे जवळचे भावंड हायड्रोकॉर्टिसोन स्वस्त झाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्युलियन यांनी कॉर्टिसोनचा शोध लावला, असे पोस्टर दरवर्षी मोबाइलवर फिरतात. ते खरे नाही. शोध इतरांचा होता. ज्युलियन यांनी ते औषध सामान्यांपर्यंत नेणाऱ्या रस्त्याचा महत्त्वाचा भाग बांधला. आपल्या माणसाला मोठे करण्यासाठी खोटे बोलायची गरज नाही. खरे आहे तेच पुरेसे मोठे आहे.

याच १९५२ साली त्वचारोगतज्ज्ञ मॅरियन सल्झबर्गर आणि व्हिक्टर विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर काम करते हे दाखवून दिले. त्याआधी कॉर्टिसोनचे मलम लावून पाहिले होते, पण ते फुकट गेले होते. कारण कॉर्टिसोनचे हायड्रोकॉर्टिसोनमध्ये रूपांतर शरीरात मुख्यतः यकृतात होते, त्वचेवर ते पुरेसे होत नाही. हायड्रोकॉर्टिसोन हे आपल्याच मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून रोज पाझरणारे संप्रेरक आहे. त्वचेवर लावले की ते सूज आणि खाज आणणारे शरीराचे संदेश शांत करते.

घरावर डायनामाइट

१९५० मध्ये शिकागोतल्या एका वर्तमानपत्राने ज्युलियन यांना त्या वर्षीचे मानाचे शिकागोकर म्हणून गौरवले. त्याच वर्षी त्यांनी ओक पार्क या गोऱ्यांच्या उपनगरात घर घेतले. नळाचे पाणी सोडायला आधी नकार मिळाला. महाडचे चवदार तळे ज्यांना माहीत आहे त्यांना पाणी कशासाठी अडवतात हे सांगावे लागत नाही. कुटुंब राहायला येण्याआधीच, नोव्हेंबर १९५० मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी घर जाळण्याचा प्रयत्न झाला. जून १९५१ मध्ये घरावर डायनामाइट फेकले गेले. तेव्हा आईवडील बाहेरगावी होते आणि मुले घरात होती. सुदैवाने कुणी जखमी झाले नाही. त्यानंतर ज्युलियन बंदूक घेऊन घराचा पहारा देत बसत आणि लहान मुलगा सोबत बसे.

जगातल्या सुजलेल्या त्वचेला आराम देणाऱ्या औषधावर काम करणारा माणूस आपल्या त्वचेमुळे घर जळू नये म्हणून रात्र जागवत होता. त्याने घर सोडले नाही. ओक पार्कमधले काही गोरे शेजारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले, हेही नोंदवले पाहिजे.

१९५३ मध्ये त्यांनी ग्लिडन सोडली आणि स्वतःची ज्युलियन लॅबोरेटरीज काढली. इतरांनी दार बंद केलेल्या कितीतरी कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञांना आणि स्त्रियांना त्यांनी कामावर घेतले. तिथे उत्पादनाची रीत सुधारून एका संप्रेरकाचा माल चौपट निघू लागला, तेव्हा त्यांनी नफा खिशात न घालता किलोचा भाव सुमारे ४,००० डॉलरवरून ४०० डॉलरवर आणला. १९६१ मध्ये कंपनी वीस लाखांहून जास्त डॉलरला विकली. पुढे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या न्यायालयीन लढ्यासाठी त्यांनी निधी उभा केला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेले ते दुसरे कृष्णवर्णीय आणि पहिले कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ ठरले. त्यांच्या नावावर शंभराहून जास्त पेटंट होती. १९ एप्रिल १९७५ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. जिथे जेवायला जागा मिळत नव्हती त्या डीपॉ विद्यापीठात आज विज्ञानाच्या इमारतीला त्यांचे नाव आहे.

त्या दोन घरांकडे परत

आता गल्लीतल्या त्या दोन घरांकडे येऊ. दोन्ही ट्यूबांत स्टिरॉइड होते, पण ते सारखे नव्हते. बाळाला दिलेले एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य गटातले. मुलीच्या ट्यूबमध्ये त्याहून कितीतरी जास्त ताकदीचे स्टिरॉइड होते. नंतरच्या काळात मूळ रेणूत बदल करून बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल अशी ताकदवान औषधे निघाली. जाड, चिवट आजारावर, डॉक्टरच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग आहे. चेहरा गोरा करायला नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे, ट्यूब मात्र वस्तीतल्या मेडिकलमध्ये मागेल त्याला मिळते.

कार्यकर्त्यांनी एवढे तरी पाठ ठेवावे. सौम्य स्टिरॉइड मलम इसब, साबण किंवा सिमेंटने हाताला आलेली खाजरी सूज, किडा चावल्याची सूज अशा ठिकाणी काम करते. ते फक्त सुजलेल्या भागावर, पातळ थरात, दिवसातून एकदा किंवा दोनदा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या थोड्या दिवसांपुरते लावायचे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. इसबात त्वचा कोरडी पडते, म्हणून साधे मऊ करणारे मलम रोज लावत राहावे. चेहरा, काख, जांघ इथली कातडी पातळ असते, तिथे औषध जास्त शोषले जाते. लहान मुलांचेही तसेच. तिथे स्वतःच्या मनाने काही करू नये.

नायटा किंवा गजकर्ण असेल तर नुसते स्टिरॉइड लावू नये. ते बुरशीचे आजार आहेत. स्टिरॉइडने खाज थांबते, लाली जाते, माणसाला वाटते बरे झाले. पण बुरशीला रान मोकळे मिळते आणि नायटा कमरेपासून मांडीपर्यंत पसरतो. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेल्या मलमांनी आपल्या देशात हे दुखणे फार चिघळवले आहे. खरूज, पू झालेली जखम, कांजिण्यांचे फोड यांनाही ते लावू नये.

आणखी एक मुद्दा आपल्या रंगाचा. वैद्यकीय पुस्तकांत सुजलेली त्वचा लाल दाखवतात, कारण ती चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तीच सूज तपकिरी, जांभळट किंवा नुसती गडद दिसते. म्हणून ती उशिरा ओळखली जाते. सूज गेल्यावर काळा डाग राहतो, तो हळूहळू जातो. त्या डागाला घाबरून ताकदवान मलम चोळत राहिले की कातडी पातळ होते आणि पांढरट चट्टेही पडू शकतात.

ज्या मुलीने चार महिने ट्यूब चोळली तिला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. तिला सावळी म्हणून पहिल्यांदा कुणी हिणवले? नात्यातल्या बायकांनीच. स्थळ पाहायला आलेले घरही आपल्यातलेच होते. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि चर्चा मुलीच्या रंगाची चालली होती. जात नाकारणाऱ्या समाजाने रंगाची उतरंड घरात ठेवली तर त्याला काय म्हणायचे? ज्युलियन यांच्या घरावर डायनामाइट फेकणारे परके होते. आपल्या मुलींच्या चेहऱ्यावर ट्यूब चोळायला लावणारे आपण आहोत.

त्या मुलीला आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. मलम सोडवायला बरेच महिने लागले. बाळाच्या आईला डॉक्टरांनी पुन्हा समजावले, बोटाचे माप दाखवले. आठवड्याभरात बाळ रात्री झोपू लागले. ट्यूबची किंमत पन्नास रुपयांच्या आत होती. ज्या औषधासाठी कधीकाळी कत्तलखान्यातून गुरांचे पित्त गोळा करावे लागे, ते आज आपल्या वस्तीतल्या आईला परवडते. आजही अशा औषधांसाठी सोयाबीनसारख्या वनस्पतींतले स्टेरॉल कच्चा माल म्हणून वापरले जातात. आपल्या विदर्भ मराठवाड्यातला शेतकरी ज्या पिकाच्या भावासाठी रस्त्यावर उतरतो, तेच हे पीक.

ज्युलियन यांच्या आजोबांची बोटे अक्षरे गिरवली म्हणून छाटली गेली. आपल्या हाताला दहाही बोटे आहेत आणि शाळाही आहे. तरी घरातल्या ट्यूबवरचे औषधाचे नाव आपण वाचत नसू, तर औषध स्वस्त होऊन उपयोग काय? यंदा ११ ते १४ एप्रिलच्या कार्यक्रमांत एक टेबल आरोग्याचे ठेवा. लोकांना घरातली मलमे घेऊन यायला सांगा. त्यावरचे नाव, टक्केवारी, मुदत आणि पाकिटावरची लाल रेघ वाचायला शिकवा. एखादा डॉक्टर किंवा नर्स मित्र सोबत बसवा. आणि स्थळ पाहायला आलेल्या घरात मुलीच्या रंगाचा विषय निघाला, तर तो तिथेच थांबवायची हिंमत दाखवा.

जय भीम!